क्वामीबाईंचा लांब सूर

कानाच्या आकाराची ती बिस्किटं पाहून जो तो आधी हसे आणि मग एक उचले. वर फिकट गुलाबी साखरेचा थर, आत वळत गेलेली कड आणि मधोमध चॉकलेटचा एक काळा ठिपका. हार्लो फॉल्सच्या हायस्कूलच्या सभागृहाबाहेर, कोट टांगायच्या रांगांशेजारी, ऑरिन ट्वेट त्या ताटामागे उभा राहून येणाऱ्याच्या हातात कागदी रुमाल देत होता.

"डावा आहे का रे एखादा? माझा डावाच गेलाय," कागदगिरणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा ताटावर वाकून म्हणाला.

"सगळे उजवेच आहेत."

"मग काय उपयोग!" असं म्हणत त्याने दोन उचलली.

"अहो, हळू. सगळं गाव ऐकतंय," त्याची बायको म्हणाली.

"या गावात ऐकू येतंय कुणाला?" म्हातारा म्हणाला, आणि ज्यांना ऐकू आलं ते सगळे हसले.

ते खोटं नव्हतं. गिरणीने हार्लो फॉल्सला दोन गोष्टी दिल्या होत्या: बहिरेपण आणि वाद्यवृंद. चार पिढ्यांच्या माणसांनी त्या यंत्रांच्या गर्जनेत आपले कान वाहिले होते, आणि गिरणीच्या मालकांनी, का कोण जाणे, त्याच माणसांना वर्षातून पाच रविवार दुपारी अडीच वाजता सिंफनी ऐकवली होती. आठ वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली. भोंगा थांबला, नदीवरची वाफ विरली, आणि वाद्यवृंद मात्र कसाबसा तग धरून राहिला. या वर्षी त्याला नवा आश्रयदाता मिळाला होता. सभागृहाच्या दारावर निळा फलक झळकत होता: रिंकी श्रवण केंद्र सादर करीत आहे. खाली तिरप्या अक्षरांत दोनच शब्द: पुन्हा ऐका.

"आधी कान फोडणारे बाजा वाजवून घ्यायचे, आता कान विकणारे घेतायत," ऑरिनचे वडील फलकाकडे पाहून म्हणाले होते. चौतीस वर्षं ते चार नंबरच्या यंत्रावर उभे होते. त्यांच्या दोन्ही कानांत ऑरिननेच बसवलेली श्रवणयंत्रं होती.

कारण ऑरिन त्याच श्रवण केंद्राच्या दवाखान्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासून यंत्रं बसवणारा, होता. लोकांसमोर उभं राहिलं की ज्याची जीभ टाळ्याला चिकटे, असा हा तिशीचा तरुण. पण काचेच्या त्या लहानशा बंद खोलीत, समोर एकच माणूस आणि दोघांच्या मध्ये एकच बारीक सूर असला, की त्याचा हात कधी चुकत नसे. निदान त्याला तसं वाटे.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, दवाखाना बंद व्हायच्या सुमारास, मागच्या दाराने एक पेशंट आला होता. डेस्मंड ऑर्लिक, वाद्यवृंदाचे संचालक. वादक त्यांना मॅस्ट्रो म्हणत आणि वादकांच्या नादाने सारं गावही. वय अडुसष्ट. पांढऱ्या केसांवर बर्फाचे चार कण घेऊन ते आत आले आणि बसण्याआधीच त्यांनी विचारलं, "हे बाहेरून दिसणार नाही ना?"

"नाही. अगदी आत बसतं."

"वादकांना कळता कामा नये. संचालकाला ऐकू येत नाही हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं, की मग..." वाक्य पुरं न करता त्यांनी उजवा हात हवेत असा थांबवला, की ऑरिनचा श्वासही क्षणभर थांबला.

यंत्रं त्यांच्या कानांत बसवताना ऑरिन म्हणाला होता, "तुमच्या यंत्रात संगीतासाठी वेगळी मांडणी, म्हणजे सेटिंग, करावी लागेल, मॅस्ट्रो. नेहमीची मांडणी बोलणं ऐकायला असते, त्यामुळे..."

"ते पुढच्या भेटीत," दारातून डॉक्टर जॅनेल रिंकी म्हणाली. दवाखाना तिचा, फलक तिचा, बिस्किटांची कल्पनाही तिचीच. "रविवारी कॉफीच्या वेळी लोक काय बोलतात ते त्यांना ऐकू आलं पाहिजे, एवढं बघ. देणगीदार हवामानाचं विचारतात आणि हे मोझार्टचं सांगतात, अशी तक्रार आहे माझ्याकडे."

मॅस्ट्रो हसले. खोलीत दोन ठाम आवाज असले की तिसरा आवाज काढणं ऑरिनला जन्मात जमलं नव्हतं. त्याने कागदावर लिहिलं: संगीताची मांडणी, पुढची भेट, जानेवारी. त्या महिन्यात वाद्यवृंदाच्या साठ वर्गणीदारांनी त्याच जातीची यंत्रं घेतली होती आणि त्या साऱ्यांच्या कानांत त्याने तीच मांडणी बसवली होती. साठजणांना मिनिटं वाटून द्यायची म्हटल्यावर दुसरा इलाजही नव्हता, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

मैफल मुद्दाम नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी ठेवली होती; एरवी निम्मे पुरुष रानात असते. सभागृह भरलं. डॉक्टर रिंकीने रंगमंचावर येऊन दोन मिनिटांचं म्हणून नऊ मिनिटं भाषण केलं. मग दिवे मंदावले. ऑरिन शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसला आणि ज्यासाठी तो आला होता त्या क्षणाची वाट पाहू लागला.

तो क्षण तिसऱ्या भागात होता. व्हायोलिनं एकेक करून मागे सरत, खाली पहाटेच्या तळ्यासारखी शांतता पसरे, आणि तिच्यावर एकटा फ्लूट उभा राही. एकच सूर, आठ संथ मात्रा. तो सूर क्वामीबाई वाजवत.

मार्लिस क्वामी पहिल्या फ्लूटच्या, म्हणजे मुख्य वादकाच्या, खुर्चीवर बत्तीस वर्षं बसत होत्या आणि तितकीच वर्षं गावच्या शाळेत मुलांना वाद्यं शिकवत होत्या. ऑरिन त्यांच्याकडे तीन वर्षं फ्लूट शिकला. पुढे लोकांसमोर वाजवायची वेळ आली तेव्हा त्याने ते सोडलं. बाई रागावल्या नाहीत. "सूर लांबवायचा नसतो, ऑरिन," एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या. "त्याला जाऊ द्यायचं नसतं." फ्लूटचे बहुतेक वादक सुराला हलका कंप देतात, बाई देत नसत. त्यांचा लांब सूर ताणलेल्या दोऱ्यासारखा सरळ असे. ऑरिनला वाटे, आपल्या साऱ्या बोलता न आलेल्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट कुणीतरी आपल्या वतीने स्पष्ट बोलून ठेवली आहे.

त्या दुपारीही तो सूर तसाच आला. तसाच उभा राहिला. आणि तिसऱ्या मात्रेला मॅस्ट्रोंच्या भुवया आक्रसल्या.

त्यांनी डावा तळवा खाली दाबला. स्थिर, असं त्यांना म्हणायचं होतं. सूर स्थिरच होता. त्यांनी तळवा पुन्हा दाबला, जरा रागाने, आणि फ्लूटच्या दिशेने रोखून पाहिलं. बाईंचे डोळे वाद्यावरून उठले. त्या डोळ्यांतला गोंधळ ऑरिनला शेवटच्या रांगेतूनही दिसला. त्याच वेळी पुढच्या रांगांतून एक हात कानाकडे गेला, मग दुसरा, मग चार-पाच. बाईंनी आठ मात्रा पुऱ्या केल्या आणि फ्लूट मांडीवर ठेवला, तो नेहमीपेक्षा अंमळ घाईने.

"तुझ्या बाईंना झालंय तरी काय?" गाडीत बसता बसता वडिलांनी विचारलं. "सूर नुसता हलत होता. पाण्यात काठी बुडवली की वाकडी दिसते ना, तसा."

"नाही, बाबा. सरळ होता."

"माझ्या कानांना शिकवतोस? तूच बसवलेत की!"

घरी पोचल्यावर कोटही न काढता ऑरिनने वडिलांच्या कानातलं यंत्र काढून घेतलं, तपासणीची नळी लावून स्वतःच्या कानाशी धरलं, आणि फोनमधून फ्लूटचा एक लांब सूर सोडला. नळीतून आलेला सूर कापत होता, दुभंगत होता, संपल्यावरही एक खोटी शेपूट मागे ठेवत होता.

याचं कारण त्याला ठाऊक होतं. शिकताना एका तासाला ते सांगितलं होतं. श्रवणयंत्राला स्वतःचीच शिटी वाजवायची खोड असते, म्हणून त्याच्या आत एक पहारेकरी बसवलेला असतो. जो सूर लांब, एकसारखा आणि स्वच्छ असेल त्याला तो शिटी समजतो आणि मोडायला धावतो. माणसाच्या बोलण्यात असा सूर येत नाही. व्हायोलिनच्या सुरात कंप असतो, खरखर असते. त्याला तो सहसा सोडून देतो. पण क्वामीबाईंच्या सुरात पहारेकऱ्याला सोडून द्यावं असं काही नव्हतं. जितका सूर शुद्ध, तितका तो संशयित.

सोमवारी सकाळी त्याने हे डॉक्टर रिंकीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, कॉफीत दूध ओतलं आणि विचारलं, "म्हणजे मी जाहीर काय करू? आमच्या मैफलीत आमच्याच यंत्रांनी घोटाळा केला?"

"जाहीर नको. पण मॅस्ट्रोंना तरी..."

"त्यांची भेट जानेवारीत आहे. तेव्हा मांडणी बदल. आणि ऑरिन, पेशंटची गोष्ट पेशंटची. कुणाच्या कानात काय आहे ते या भिंतींबाहेर गेलं तर परवाना तुझाही जाईल आणि माझाही." मग जरा मऊ होऊन, "एका सुराचं काय एवढं? विसरतील लोक."

मॅस्ट्रो विसरले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुटायच्या वेळेला, पुढच्या दाराने क्वामीबाई आल्या.

"बस रे, उभा काय राहतोस. आज तू मास्तर," त्या म्हणाल्या. ओल्या बुटांचे ठसे उमटलेले पाहून त्यांनी आधी पायपुसण्यावर पाय पुसले, मग पिशवीतून एक पत्र काढलं. "वाच. मोठ्याने नको."

पत्र सभ्य होतं. दीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता. लांब सुरांमधील अस्थिरता. नव्या वर्षापासून पहिल्या खुर्चीवर मिलवॉकी शहरातली एक तरुण वादक. बाईंची इच्छा असल्यास दुसरी खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात येईल.

"मॅस्ट्रोंचं एक वेळ सोड," बाई म्हणाल्या. "पण चर्चच्या तळघरात कॉफी घेताना तीन बायकांनी मला विचारलं, मार्लिस, तब्येत बरी आहे ना? तिघींनीही ऐकलं होतं. साऱ्या सभागृहाने ऐकलं. फक्त मला ऐकू आलं नाही, आणि वाजवत होते मी. मग कान कुणाचे गेले? माझेच ना?"

त्याने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. त्याने सूर बारीक केला, अजून बारीक केला, जिथे त्याच्या स्वतःच्या कानांनी हात टेकले असते तिथेही काचेपलीकडे बाईंचा अंगठा हलत राहिला. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, आणि इतक्या मन लावून ऐकत होत्या की ऑरिनला त्यांच्याकडे पाहवेना.

"तुमचे कान उत्तम आहेत, बाई. तिशीतल्या माणसाचे असावेत तसे."

त्याला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा विझला.

"नीट बघ."

"दोनदा बघितलं."

"ऐकू येत नाही म्हणाला असतास तर बरं झालं असतं रे. यंत्र बसवलं असतं, मोकळी झाले असते." त्यांनी हातमोजे मांडीवर नीट एकावर एक ठेवले. "म्हणजे कान धडधाकट आहेत, सूर हलत होता आणि मला तो सरळ वाटत होता. याला काय म्हणायचं? मी पोरांना रोज सांगते, हा सूर बरोबर, हा चूक. कशाच्या भरवशावर सांगू आता?"

शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. भिंतीपलीकडे डॉक्टर रिंकी कुणाशी तरी फोनवर हसत होती. भिंतीवर चौकटीत त्याचा परवाना टांगलेला होता.

"कदाचित..." तो म्हणाला. "कदाचित ऐकणाऱ्यांचंच काही चुकलं असेल."

"साऱ्यांचं?" बाई हसल्या आणि उठताना त्यांनी त्याच्या गालावर हलकेच थोपटलं. "तू शाळेतही असाच होतास. बेसूर वाजवणाऱ्या पोराचीही बाजू घ्यायचास."

त्या गेल्या आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर रिंकीला न विचारता एका पेशंटला फोन केला. तीन दिवसांनी मॅस्ट्रो मागच्या दाराने आले. ऑरिनने त्यांची यंत्रं काढली, पहारेकऱ्याला रजा दिली, आवाजाच्या मर्यादा सैल केल्या, यंत्रं परत बसवली. मग काही न बोलता फोनमधून तोच लांब सूर सोडला.

मॅस्ट्रोंनी तो ऐकला. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा ऐकला. खिडकीबाहेर बर्फ पडू लागलं होतं.

"त्या दिवशी क्वामीबाईंचा सूर सरळ होता, मॅस्ट्रो," ऑरिन म्हणाला. एवढं लांब वाक्य आपण न अडखळता बोललो याचं त्याला नवल वाटलं. "हलत होतं ते यंत्र. चूक माझी आहे. मी तेव्हाच हे करायला हवं होतं."

मॅस्ट्रोंनी नजर बर्फाकडे वळवली. मग त्यांनी जे विचारलं ते ऑरिनला पुढे कित्येक दिवस पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"डॉक्टरांना. आणखी कुणालाच नाही."

"मी बघतो," मॅस्ट्रो म्हणाले. त्यांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला, ऑरिनचा हात हातात घेऊन दाबला, "चांगलं काम केलंस," असंही म्हणाले, आणि आले तसे गेले.

'मी बघतो' या दोन शब्दांवर ऑरिनने विश्वास ठेवला. विश्वास ठेवण्यासारखं दुसरं त्याच्याजवळ काही नव्हतंही. पत्र मागे घेतलं जाईल, मार्चच्या मैफलीत बाई आपल्या खुर्चीवर बसतील, आणि तेव्हा साऱ्या गावाला तो सूर जसा आहे तसा ऐकू आला पाहिजे. म्हणून त्याने साठही वर्गणीदारांना एकेक करून बोलावलं. मोफत तपासणी, असं त्याने डॉक्टर रिंकीला सांगितलं. तिला ती कल्पना फार आवडली. सारा हिवाळा तो जेवणाच्या सुट्टीत, सकाळी दवाखाना उघडायच्या आधी, एकेका कानातली मांडणी बदलत राहिला. प्रत्येकाला तो तोच लांब सूर ऐकवी आणि विचारी, "सरळ वाटतो?" म्हातारी माणसं मान डोलवत. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा सूर मी लग्नाआधी ऐकला होता," ती म्हणाली.

नव्या वर्षाची कार्यक्रमपत्रिका आली. पहिल्या फ्लूटसमोर मिलवॉकीच्या मुलीचं नाव होतं. दुसऱ्या फ्लूटसमोरही मार्लिस क्वामी हे नाव नव्हतं. बाईंनी वाद्यवृंद सोडला होता. ऑरिनने मॅस्ट्रोंच्या घरी दोनदा निरोप ठेवला. उत्तर आलं नाही. छपाई आधीच झाली असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. अजून वेळ आहे.

मार्चमधला तो रविवार उजाडला. फलक तोच, बिस्किटंही तीच. या खेपेला डावे कानही होते. मिलवॉकीची मुलगी खरोखर चांगली वाजवत होती. दुसऱ्या भागात तिला एक लांब सूर होता, तिने तो हलकासा कंप देऊन धरला, आणि साऱ्या सभागृहात कुणाचाही हात कानाकडे गेला नाही. मॅस्ट्रोंच्या भुवया सैल होत्या. सूर संपला तेव्हा पुढच्या रांगांतून सुटकेचा एक सुस्कारा उमटला, तोही ऑरिनने ऐकला.

कॉफीच्या वेळी वाद्यवृंदाच्या मंडळाच्या अध्यक्षबाई मॅस्ट्रोंपाशी आल्या. "काय फरक आहे हो! रात्र आणि दिवस."

मॅस्ट्रोंनी कपातून वर पाहिलं. त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं. तीन पावलांवर ताट घेऊन उभा असलेला ऑरिनही त्यांना दिसला होता.

"फरक आहे खरा," मॅस्ट्रो म्हणाले.

"बिचारी मार्लिस. वेळेवर थांबली असती तर..." कुणीतरी म्हणालं आणि बोलणं हवामानाकडे वळलं. मॅस्ट्रोंनी हवामानाचं अगदी बरोबर उत्तर दिलं.

ताट टेबलावर ठेवताना ऑरिनला हिशेब लख्ख कळला. नोव्हेंबरात साऱ्यांनी सूर हलताना ऐकला, मार्चमध्ये सरळ ऐकला. मध्ये बदललं काय, तर खुर्चीवरची बाई. आपल्या कानांतली मांडणीही बदलली आहे, हे लोकांना ठाऊक नव्हतं. सारा हिवाळा जेवण टाळून त्याने एकेक कान दुरुस्त केला होता, आणि बाईंच्या विरुद्ध एकेक साक्षीदार उभा केला होता.

"कसली पोरगी आहे! दोरीसारखा सरळ," गाडीत वडील म्हणाले. ऑरिनने गाडी सुरू केली. मुलाच्या गप्प बसण्याची वडिलांना सवय होती.

पुढच्या शनिवारी सकाळी तो क्वामीबाईंच्या घरी गेला. नदीवरचं बर्फ तडकत होतं. त्याच्या खिशात दाखवण्यासाठी ठेवलेली यंत्रांची जोडी होती. त्यात त्याने ती जुनी, बोलण्याची मांडणी परत घातली होती. आपण जे करणार आहोत ते करणाऱ्याचा परवाना जातो हे त्याला माहीत होतं. चार महिन्यांमागे हे त्याला फार मोठं वाटलं होतं.

"अरे, ये ये. बूट राहू दे," बाई म्हणाल्या. स्वयंपाकघरात लिंबाच्या वड्या ओव्हनमधून नुकत्याच निघाल्या होत्या. खिडकीत जिथे स्वरलिपीचे कागद ठेवायचा स्टँड असायचा तिथे आता रोपांच्या कुंड्या होत्या. "जूनमध्ये शाळाही सोडतेय. सांगितलं का कुणी तुला?"

"बाई, फ्लूट कुठे आहे?"

बाई आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, काहीतरी बाजूला सारल्याचा आवाज आला. पेटी घेऊन त्या आल्या तेव्हा तिच्यावर लोकरीचे धागे चिकटले होते.

"तो सूर वाजवा. आठ मात्रा."

"ऑरिन..."

"एकदाच."

त्यांनी तीन तुकडे जोडले, ओठ ओले केले, आणि वाजवलं. कित्येक आठवडे हात न लागलेल्या वाद्यातून सूर आधी जरा धुरकट आला, मग स्वच्छ झाला आणि उभा राहिला. कुंड्यांवरून, ओट्यावरून, वाफाळत्या वड्यांवरून तो सरळ रेषेत गेला.

"आता हे कानांत घाला," ऑरिन म्हणाला, आणि त्याने त्यांच्या कानांत यंत्रं बसवली. त्याची बोटं थंड होती. "आणि पुन्हा वाजवा."

दुसऱ्या मात्रेला त्यांच्या भुवया आक्रसल्या. अगदी मॅस्ट्रोंसारख्या. त्या थांबल्या नाहीत. डोळे विस्फारून आपलाच सूर तुटताना, कापताना ऐकत आठ मात्रांपर्यंत गेल्या. मग त्यांनी यंत्रं काढून वाजवलं. पुन्हा घालून वाजवलं. पुन्हा काढून. शाळेत एखाद्या पोराची चूक नक्की कुठे आहे ते शोधताना त्या अशाच तीन-तीनदा खात्री करून घेत.

शेवटी त्यांनी यंत्रं टेबलावर ठेवली, एकमेकांशेजारी.

"त्यांच्या कानांत हे होतं," त्या म्हणाल्या. कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही आणि ऑरिनने सांगितलं नाही. "आणि चर्चमधल्या त्या तिघींच्या."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"मैफलीच्या दिवशीच. संध्याकाळी."

"नोव्हेंबरात."

"हो."

"म्हणजे डिसेंबरात मी तुझ्या त्या काचेच्या खोलीत बसले होते तेव्हा..."

त्याने मान हलवली. त्या आरडाओरडा करतील, असं त्याला वाटलं. त्याला ते हवंही होतं. बाईंनी फ्लूटचे तुकडे वेगळे केले, आतून फडका फिरवला, पेटी बंद केली. त्यांचे हात अगदी स्थिर होते.

"हे दुरुस्त करायला किती वेळ लागतो?"

"बाई, मी..."

"वेळ किती लागतो, एवढं सांग."

"बारा मिनिटं."

"बारा मिनिटं," त्या म्हणाल्या. नदीकडून बर्फ तडकल्याचा आवाज आला, लांबचा, भिंतीपलीकडे कुणी फळी मोडावी तसा. दोघांनीही तो ऐकला.

"मी मंडळासमोर सांगेन," ऑरिन म्हणाला. "सोमवारी जाऊन..."

"मॅस्ट्रो कानावर हात ठेवतील. तुझी डॉक्टर तुला काढून टाकेल. आणि लोक म्हणतील, म्हातारीने त्या भिडस्त पोराला भरीला घातलं." त्या उठल्या, कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला, त्यात कागद अंथरला आणि लिंबाच्या वड्या एकेक करून रचू लागल्या. "मी चार महिने आरशासमोर उभी राहून ओठ तपासत होते, ऑरिन. डॉक्टरांकडे गेले. मेंदूचा फोटो काढून घेतला. शाळेत एका पोरीचा सूर सरळ आहे की नाही हे सांगायला मी यंत्र आणून ठेवलं, माझा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून. तू मला तेव्हा नुसतं म्हणाला असतास ना, बाई, सूर सरळ होता, मी ऐकला. कुणाच्या कानाचं काही सांगायची गरज नव्हती. तेवढं वाक्य कुठल्या कायद्याने अडवलं होतं तुला?"

ते वाक्य कुणीच अडवलं नव्हतं. त्या काचेच्या खोलीत ते त्याला सुचलंही नव्हतं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"वडिलांना दे. त्यांना आवडतात. मी एकटी एवढ्या खात नाही."

"बाई..."

"डबा परत आणायची गरज नाही," क्वामीबाई म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

तो पायऱ्या उतरून गाडीपाशी आला. डबा अजून गरम होता. मागे दार लागलं; थोडा वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग आतून तो सूर आला, एकटा, आठ मात्रा. संपला. पुन्हा आला. गाडीचं दार उघडं ठेवून ऑरिन ऐकत उभा राहिला. तो सूर त्याच्यासाठी नव्हता, एवढं त्याला कळत होतं. तरीही तो संपेपर्यंत त्याला गाडी सुरू करता आली नाही.